यादीत नसलेलं नाव: किनाऱ्यावरचं एक प्रकरण

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून होड्या वर ओढायची घाई चाललेली. त्या धांदलीत एक खलाशी आपल्या वीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या ऑफिसात आला. पावसाच्या भीतीने दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं पासपोर्ट कार्यालयाचं पत्र त्याने टेबलावर ठेवलं. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल आला आहे, खुलासा करावा, एवढंच त्यात होतं. मुलाला मी ओळखलं नाही, बापाला ओळखलं. चार वर्षांपूर्वी बाल न्याय मंडळापुढे मीच या मुलाची वकील होते, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरून नेमलेली.

बंदराचं नाव सांगत नाही. आचऱ्यापासून विजयदुर्गापर्यंत कुठलंही धरा. काळ, वय आणि नाती ओळख पटणार नाही इतपत बदलली आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची, तशीच पीडित मुलीची, ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या लेखाचा विषयच ते कलम आहे, तेव्हा मीच ते मोडणं काही बरं दिसणार नाही.

आधी घटना. मुलगा तेव्हा सोळा पूर्ण, अकरावीत. मुलगी अकरा वर्षांची, त्याच वाडीतली, दोन घरं सोडून राहणारी. दोन प्रसंगी त्याने तिला लैंगिक हेतूने हात लावला. दुसऱ्यांदा झालं तेव्हा तिने आईला सांगितलं आणि आईने त्याच संध्याकाळी पोलीस ठाणं गाठलं. याहून जास्त तपशिलाची इथे गरज नाही. मुलाने समुपदेशकापुढे कबूल केलं होतं, त्यामुळे ‘खरं की खोटं’ हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं. सोळा-सतरा वर्षांची दोघं पळून गेली, मुलीच्या बापाने तक्रार दिली आणि मुलगा पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, अडकला, अशी प्रकरणं आमच्याकडे सतत येतात. २०२३ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचं वय १८ वरून खाली आणू नका असं सांगितलं, पण सोळा ते अठरामधल्या अशा प्रकरणांत न्यायाधीशाला काही मोकळीक द्या असंही सुचवलं. त्या मुलांबद्दल सहानुभूती वाटायला फारसे कष्ट पडत नाहीत. इथे मात्र मुलीला खरी इजा झाली होती आणि करणाऱ्याला आपण काय करतोय ते कळत होतं. मुलाला सुधारायची संधी द्या, जुनी नोंद त्याच्या आड येऊ देऊ नका, ही मागणी अशा प्रकरणातही टिकते का, हे मला बघायचं होतं.

मुलगी बारा वर्षांच्या आतली, म्हणून पॉक्सोचं कलम ९ लागलं. त्याची शिक्षा कलम १० मध्ये आहे, ५ ते ७ वर्षं. बाल न्याय कायद्यात हा ‘गंभीर’ गुन्हा ठरतो. ज्याची किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त असते तो याच्या वरचा वर्ग. सोळा ओलांडलेल्या मुलाला मोठ्या माणसासारखं चालवायचं का, ही कलम १५ खालची प्राथमिक चाचणी त्या वरच्या वर्गालाच लागते, म्हणून ती इथे झाली नाही. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांतली एक स्त्री. त्यांनी परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा, सामाजिक तपासणी अहवाल वाचला आणि आदेश दिला: वर्षभर देखरेख, दर पंधरवड्याला समुपदेशन, मुलीशी कुठल्याही मार्गाने संपर्क नाही, आणि या वर्षात त्याने वाडीत न राहता दुसऱ्या तालुक्यातल्या मामाकडे राहायचं. अपील करायला ३० दिवस होते, कोणी केलं नाही.

वर्ष पार पडलं. मुलगा मामाकडेच बारावी झाला, मग घरी येऊन बापाबरोबर खलाशी म्हणून बोटीवर जाऊ लागला. त्याला व्यापारी जहाजावर जायचं होतं. इथल्या पोरांना ही वाट पाठ असते: जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या खलाशी कामाचा, सहा महिन्यांचा कोर्स, मग सीडीसी हे खलाशाचं नोंदपुस्तक, मग जहाज. आणि जहाजावर चढायचं तर पासपोर्ट लागतोच.

आता घोटाळा कुठे झाला ते सांगते. आम्हाला तो उलगडायला तीन आठवडे गेले.

पासपोर्टच्या अर्जातल्या प्रश्नांना मुलाने ‘नाही’ अशी उत्तरं दिली होती. बाजारातल्या सायबर कॅफेवाल्याने त्याला सल्ला दिला होता, “गप ‘नाय’ लिही, कोण बघतंय.” सल्ला लबाडीचा होता, उत्तर मात्र खरं होतं. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम ६ दोन गोष्टी विचारतं: गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून निदान दोन वर्षांची शिक्षा झाली आहे का, आणि फौजदारी कोर्टात काही प्रलंबित आहे का. याला शिक्षा झालीच नव्हती, कारण मंडळ शिक्षा देत नाही, आदेश देतं. प्रलंबितही काही नव्हतं. आणि बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की मंडळापुढे आलेल्या मुलाला त्या निष्कर्षामुळे इतर कायद्यांतली कुठलीही अपात्रता लागणार नाही.

पोलीस ठाण्यात गेले. पडताळणी करणारे हवालदार मला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. नाव, बापाचं नाव, गाव टाकलं की सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या देशभरच्या संगणक नोंदप्रणालीत, गुन्हा रजिस्टर नंबर येत होता, पुढे पॉक्सोची कलमं आणि ‘आरोपी’ हा शब्द. त्याच्या पुढे निकालाचा रकाना, कोरा. मंडळाचा आदेश चार वर्षांपूर्वी ठाण्यात आला होता, आवक नोंदवहीत त्याचा नंबरही सापडला, पण तो संगणकात कोणी चढवलाच नव्हता. म्हणजे यंत्राच्या लेखी हा मुलगा अजून पॉक्सोचा आरोपी होता आणि त्याचा खटला अजून चालू होता.

“मॅडम,” हवालदार म्हणाले, “समोर दिसतंय ते मी ‘काही नाही’ असं लिहू कसं? उद्या बोटीवर याने काही केलं तर चौकशी माझी लागेल.”

त्यांचं चुकलं असं मला त्या क्षणी म्हणवलं नाही. पण कायदा स्पष्ट आहे. कलम ७४ चं दुसरं पोटकलम पोलिसांनाच उद्देशून आहे: प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी किंवा दुसऱ्या कशासाठीही अशा मुलाचा अभिलेख पोलिसांनी उघड करायचा नाही. मी ते मोबाइलवर काढून दाखवलं. हवालदारांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “मग हे नाव इथे दिसतंय कशाला?”

या एका प्रश्नात सगळं प्रकरण आलं.

खरं तर इथे गुन्हा नोंदवायलाच नको होता. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम ८ म्हणतो की वरच्या वर्गातला गुन्हा नसेल आणि सोबत कोणी मोठा माणूस नसेल, तर मुलाविरुद्ध प्रथम खबरी अहवाल नोंदवू नये. ठाणे दैनंदिनीत नोंद घ्यावी आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवावा. पण पॉक्सोची तक्रार घेऊन बाई दारात उभी असताना ‘दैनंदिनीत घेतो’ असं म्हणायची हिंमत कुठल्या ठाणे अंमलदाराची होणार? उद्या पेपरात ‘पोलिसांनी गुन्हा दाखल करण्यास टाळाटाळ केली’ अशी बातमी. म्हणून गुन्हा दाखल होतो, गुन्हा दाखल झाला की नाव यंत्रात जातं, आणि एकदा गेलेलं नाव बाहेर काढायचं काम कोणाच्याच टेबलावर नाही.

आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी आहे. २० सप्टेंबर २०१८ ला केंद्रीय गृह मंत्रालयाने ती सुरू केली, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो, सुरुवातीलाच तिच्यात ४ लाख ४० हजारांच्या वर नोंदी होत्या आणि ती फक्त पोलीस यंत्रणेला पाहता येते. ती यादी दोषी ठरलेल्यांची. आमचा मुलगा तिच्यात नाही, कायद्याने असूही नये. तरी त्याचा पासपोर्ट अडला. यादी नको, नुसता कोरा रकाना पुरतो.

वाडीत वेगळीच चर्चा चालू होती. मुलगा परत आला त्या वर्षी चतुर्थीला मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, अमेरिकेत बघा, अशा लोकांचे फोटो आणि पत्ते इंटरनेटवर असतात, नकाशावर ठिपके असतात, आपल्याकडेही तसं पाहिजे. खाली अंगठ्यांची रांग लागली. ग्रुपमध्ये मुलीचे दोन काकाही होते.

अमेरिकेचा दाखला निघालाच आहे तर पुरता बघू. तिथे १९९६ च्या मेगन कायद्याने अशा नोंदी लोकांना खुल्या करायला लावल्या. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने गंभीर प्रकारांत १४ वर्षं आणि त्याहून मोठ्या मुलांनाही नोंदणीखाली आणलं, आणि काही राज्यं त्याच्याही पुढे गेली. पत्ता बदलला, शाळा बदलली की जाऊन कळवायचं, नाही कळवलं तर तोच नवा गुन्हा. मग संशोधकांनी हिशेब मांडला. मायकेल काल्डवेल यांनी २०१६ मध्ये १०६ अभ्यासांतल्या ३३ हजारांहून जास्त मुलांची आकडेवारी एकत्र केली. पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचं सापडण्याचं प्रमाण सरासरी पाच टक्क्यांच्या आत होतं आणि २००० नंतरच्या अभ्यासांत तीन टक्क्यांच्याही खाली. एलिझाबेथ लेटूर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोंदणीमुळे हे प्रमाण घटल्याचं दिसलं नाही. दिसलं ते वेगळंच: नोंदणी झालेल्या मुलांत आत्महत्येचा अलीकडे प्रयत्न केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण, तशाच पण नोंदणी नसलेल्या मुलांच्या चौपट होतं. डिसेंबर २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांची आजन्म नोंदणी घटनाबाह्य ठरवली. हा मुलगा पुन्हा करणारच, हे आधीच गृहीत धरायचं आणि त्याला ते खोडायची संधीच द्यायची नाही, यावर न्यायालयाचा आक्षेप होता. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून मुलांसाठी निदान ५ किंवा १० वर्षांच्या मुदती लावल्या. त्यानंतर नाव काढून घेण्यासाठी अर्ज करता येतो.

चाकरमान्याच्या ठिपक्यांत यातलं काही नव्हतं. पण मला खटकलं ते निराळंच. अमेरिकेतली यादी क्रूर असेल, पण ती दिसते. तिला कायद्याचं नाव आहे, म्हणून तिच्याविरुद्ध कोर्टात उभं राहता येतं आणि बाहेर पडायचं दार मागता येतं. आमच्याकडची यादी कोणी केलेलीच नाही. थोडी ती ठाण्याच्या संगणकात आहे, थोडी पोलीस पाटलाच्या डोक्यात, थोडी त्या ग्रुपमध्ये. ती आहे असंच कोणी मान्य करत नाही, मग त्यातून नाव काढा म्हणून अर्ज कोणाकडे द्यायचा?

वाडीने या न केलेल्या यादीचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला होता. चतुर्थीला भजनी मंडळ घरोघर फिरतं, एका रात्रीत आठ-दहा घरं घेतात. त्या वर्षी ते या घरासमोरून पुढे गेलं. मुलाच्या आईने काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. ती सांगते, टाळांचा आवाज पाणंदीतून आला, आमच्या बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, थांबला, कोणीतरी काहीतरी बोललं आणि आवाज पुढे गेला. सकाळी टोपातली उसळ गुरांना घातली. मी बापाला सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याबद्दल सांगितलं. तो जरा हसला. “मॅडम, कायद्यान भजन घराक येतला काय?”

आम्ही मंडळापुढे दोन मागण्या ठेवल्या. निकाली प्रकरणाचा अभिलेख उघड करू नये आणि संगणकातली नोंद दुरुस्त करून बंद करावी, असा आदेश पोलिसांना द्यावा. दुसरी मागणी, अभिलेख नष्ट करावा. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा रमेश बिश्नोई प्रकरणातला निकाल जोडला. केंद्रीय पोलीस दलाच्या भरतीतलं ते प्रकरण होतं. अज्ञान वयातल्या गुन्ह्याचा कलंक मुलाच्या पुढच्या आयुष्यावर राहू नये, हाच कायद्याचा हेतू आहे, असं त्यात म्हटलं आहे.

पहिली मागणी एका तारखेत मान्य झाली. ठाण्याने पंधरा दिवसांत निकालाचा रकाना भरला, नोंद सामान्य शोधात दिसणार नाही अशी व्यवस्था केली आणि फेरपडताळणीचा अनुकूल अहवाल पाठवला. पासपोर्ट आला, पण जुलैची बॅच गेली होती. जीपी रेटिंगच्या बॅचा जानेवारी आणि जुलै अशा दोनच, म्हणून मुलाचं सहा महिन्यांचं नुकसान झालं.

दुसरी मागणी एका ‘किंवा’मध्ये अडकली. आदर्श नियमांतला नियम १४ म्हणतो की अभिलेख अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत सुरक्षित ठेवावा, त्याहून जास्त नाही, आणि मग नष्ट करावा. मी म्हणत होते, अपिलाची मुदत ३० दिवसांत संपली, विषय संपला. अभिलेख कक्षातले लिपिक म्हणत होते, सात वर्षं म्हणजे सात वर्षं, त्याआधी कागद फाडला तर माझी सही कशी होईल. मंडळ लिपिकाच्या बाजूने गेलं. मला हा अर्थ चुकीचा वाटतो. ‘त्याहून जास्त नाही’ असं लिहिलेली मुदत ही कमाल असते, तिची किमान केली की नियम उलटा होतो. तरी मी वरती गेले नाही. पासपोर्ट झाला होता आणि आपलं नाव आणखी एका कोर्टाच्या बोर्डावर लागावं असं मुलाला वाटत नव्हतं. माझ्या व्यवसायाने मला शिकवलेली ही एक नावडती गोष्ट: गोपनीयतेसाठी लढायलाही नवा कागद करावा लागतो.

जाता जाता एक. सोळा ओलांडलेल्या ज्या मुलाला बाल न्यायालयाने मोठ्या माणसासारखं चालवून दोषी धरलं, त्याला कलम २४ चं हे संरक्षण मिळत नाही आणि त्याचा अभिलेख ठेवला जातो. सर्वांत वाईट प्रकारांसाठी केलेला अपवाद म्हणून मी तो समजू शकते. पण त्यालाही शेवटची तारीख असावी असं मला वाटतं. पंचवीस वर्षांनी तो अभिलेख कोण उघडणार आणि कशासाठी, याचं उत्तर मला तरी कायद्यात सापडलेलं नाही.

आता मुलीबद्दल, कारण इथवर तिच्याबद्दल फार थोडं आलं आणि ही चूक फक्त माझ्या लेखाची नाही.

नष्ट करण्याच्या अर्जाची बातमी तिच्या आईपर्यंत कशी पोचली, मला माहीत नाही. लहान गाव. जेट्टीवर लिलाव संपत आला होता, ती बांगड्याची टोपली उचलत होती. मला बघून टोपली परत खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

“तेचे कागद तुमी जाळतलास. माझ्या चेडवान काय जाळूचा?”

तिच्या मुलीने काय जाळायचं, याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. मी घरी येऊन जुनी फाईल काढली. मुलीसाठी मंडळाच्या आदेशात एक ओळ होती, ‘संपर्क करू नये’. ती ओळ पाळली जाते का हे बघणारं कोणी नेमलेलं नव्हतं. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती मुलीला प्रकरणभर सोबत करणारी साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. कागदावर दिली होती, ती बाई दोनदा आली, मग तिची बदली झाली. पीडितांना मदत देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेच्या अर्जाचं काय झालं हे आईला कळलेलं नव्हतं. मुलगा वाडीत परतणार हे परिविक्षा अधिकाऱ्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मुलीला ते कळलं तो सामाईक विहिरीवर दिसला तेव्हा.

यादी असती तर हे टळलं असतं का? विहिरीवर कोण येणार हे तिला यादीने सांगितलं नसतं. एका माणसाने आधी घरी जाऊन सांगायला हवं होतं: तो अमुक तारखेला येतोय, पाण्याची वेळ कशी ठरवायची, शाळेची वाट कुठली घ्यायची, भीती वाटली तर फोन कोणाला करायचा. हे काम देखरेखीच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात एका दुपारी झालं असतं. कोणाचंच नव्हतं म्हणून झालं नाही. त्यात मीही आले. मी मुलाची वकील होते आणि त्या मर्यादेमागे मी व्यवस्थित लपले.

फेरपडताळणी झाल्यावर परिविक्षा अधिकारी, बाल संरक्षण कक्षातली एक कार्यकर्ती आणि मी, तिघी मुलीच्या घरी गेलो. मुलाच्या बापाने आधीच एक गोष्ट मान्य केली होती: जहाजावरून सुट्टीवर आला की मुलगा मामाकडे उतरेल, वाडीत यायचं तर दोन दिवस आधी कार्यकर्तीला कळवेल. लेखी काही नाही, मुद्दामच. मुलगी आता पंधराची आहे, दहावीत. ती आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. आईने चहा दिला, ऐकून घेतलं, आणि त्या कार्यकर्तीचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने लिहून घेतला. मनोधैर्यच्या अर्जाचा पाठपुरावा आता सुरू झाला आहे.

मुलगा जानेवारीत कोर्सला गेला. फाईल अभिलेख कक्षात आहे. तिची सात वर्षं ज्या दिवशी भरतात ती तारीख मी कार्यकर्तीला आणि लिपिकाला, दोघांनाही कळवून ठेवली आहे. लिपिक म्हणाले, तोवर माझी निवृत्ती होईल, जे येतील त्यांना सांगा.